अतिउजव्यांचा जमाव आपल्या भागात येणार असेल, तर रहिवाशांनी नेमके काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त इंग्लंडमधल्या एका मध्यम शहरात आलेल्या कुटुंबाच्या घराजवळ मशीद आहे आणि आश्रयार्थींना ठेवलेले एक हॉटेलही. ऑगस्ट २०२४ सारखे पुन्हा झाले, तर रस्त्यावर उतरायचे, दारे लावून घरात बसायचे, की सगळे पोलिसांवर सोपवायचे?

इथल्या वस्त्यांमध्ये अशा दिवसांसाठी स्वयंसेवक तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. बैठकीत हा प्रश्न निघाला की बोलणे लगेच जमावाकडे वळते: किती येतील, कुठून येतील, त्यांना कसे अडवायचे. मी तिथेच थांबवतो आणि आधी विचारतो, की ज्या दारावर ते येणार आहेत त्या दाराच्या आत कोण आहे, आणि तुमच्यापैकी कोणी त्यांच्याशी बोलले आहे का? बहुतेक वेळा कोणीच बोललेले नसते. आपले काम जमावाला धडा शिकवणे हे नाही. आतल्या माणसाला एकटे पडू न देणे हे आहे, आणि पुढचे सगळे निर्णय याच कसोटीवर घासून पाहायचे.

आधी २०२४ मध्ये काय झाले ते. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये लहान मुलींच्या नृत्यवर्गात चाकूहल्ला झाला, तीन मुली गेल्या. काही तासांत एक खोटे नाव पसरले आणि हल्लेखोर नुकताच बोटीतून आलेला मुस्लिम आश्रयार्थी आहे असे सांगितले जाऊ लागले. प्रत्यक्षात तो कार्डिफमध्ये जन्मलेला सतरा वर्षांचा मुलगा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा पडत होत्या, पोलिसांची व्हॅन जळत होती, पन्नासहून अधिक पोलीस जखमी झाले. मग हार्टलपूल, संडरलँड, लिव्हरपूल, हल, मिडल्सब्रो, रॉदरहॅम, टॅमवर्थ. मिडल्सब्रोमध्ये रस्त्यात गाड्या अडवून चालकांना ‘गोरा आहेस का, इंग्रज आहेस का’ असे विचारले गेले. संडरलँडमध्ये तातडीच्या ड्युटीसाठी रुग्णालयात निघालेल्या दोन फिलिपिनो परिचारिकांच्या टॅक्सीवर दगड आले.

या शेवटच्या दोन घटना मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, कारण त्यातून धोका कुठे असतो ते कळते. मशिदीसमोर पोलीस असतात, कॅमेरे असतात. दोन रस्ते सोडून बसथांब्यावर एकटी उभी असलेली बाई कोणाच्याच हिशेबात नसते. म्हणून वस्तीने पहिली गोष्ट उभी करायची ती गाड्यांची. रात्रपाळीला कोण जाते, किती वाजता सुटते, कोणाकडे गाडी आहे, कोण कोणाला आणणार, याची एक साधी वही. केअर होममध्ये काम करणारे, रुग्णालयातले, गोदामातले, डिलिव्हरीवाले. ज्यांना मोर्चात जायची भीती वाटते, ज्यांच्या घरी लहान मुले आहेत, त्यांना हे काम सहज जमते, आणि मोर्चातल्या शंभराव्या माणसापेक्षा त्या एका गाडीचा उपयोग जास्त असतो.

आता अफवा. जमाव अफवेवर जमतो हे सगळे जाणतात. बचाव करणारेही अफवेवरच बिघडतात हे फारसे कोणी बोलत नाही. ५ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या बोर्डस्ली ग्रीन भागात अतिउजवे येणार असा निरोप फिरला. शेकडो तरुण, बहुतेक मुस्लिम, रक्षणासाठी जमले. अतिउजवे काही आले नाहीत. पण तापलेल्या घोळक्यातल्या काहींनी परिसरातल्या एका पबवर हल्ला केला, थेट प्रक्षेपण करणाऱ्या टीव्हीच्या पत्रकारांना हुसकावून लावले. बहुसंख्य पोरे शांत उभी होती, वडीलधारे सांगत होते घरी जा म्हणून. पण पुढचे कित्येक दिवस दाखवले गेले ते त्या काही जणांचेच व्हिडिओ. समोर कोणी नसलेल्या जमावाला दोन तास काय करायचे ते ठाऊक नसते, आणि म्हणूनच तो धोकादायक होतो.

यावर उपाय साधा आहे, पण तो शांततेच्या दिवसांतच बसवावा लागतो. बातमीसाठी एकच फोन किंवा एकच गट ठेवायचा आणि त्यात लिहिण्याचा अधिकार तीन-चार जणांनाच द्यायचा. बाकीच्यांनी फक्त वाचायचे. बाहेरून काही आले की तीन प्रश्न: कुठे, किती वाजता, आणि स्वतःच्या डोळ्यांनी कोणी पाहिले? ‘माझ्या मित्राच्या भावाने’ हे उत्तर चालत नाही. कोणीतरी त्या कोपऱ्यावर जाऊन पाहायचे, फोटो न काढता परत यायचे आणि वेळेसकट लिहायचे: ‘७ वाजून १० मिनिटे, स्टेशनसमोर कोणी नाही.’ ‘कोणी नाही’ हा निरोप पाठवायला लोक विसरतात. घरात मुले कवटाळून बसलेल्या माणसाला खरी गरज त्याच निरोपाची असते.

७ ऑगस्टच्या यादीचेही तेच. अतिउजवे त्या संध्याकाळी जिथे जमणार म्हणून सांगितले जात होते असे तीसहून अधिक पत्ते टेलिग्रामवर फिरले, त्यात इमिग्रेशनचा सल्ला देणारी वकिलांची कार्यालये जास्त. दुकानांनी दुपारीच फळ्या ठोकल्या, कार्यालयांनी पाट्या झाकल्या, कर्मचाऱ्यांना घरून काम करायला सांगितले. संध्याकाळी बहुतेक ठिकाणी अतिउजवे फिरकलेच नाहीत, किंवा आले ते मूठभर. माझ्या मते ती यादी हाच अर्धा हल्ला होता. एका दमडीच्या खर्चाशिवाय अर्धा देश घरात बसवला. म्हणून यादी आली की ती जशीच्या तशी पुढे ढकलू नका. ज्या पत्त्याचा उल्लेख आहे त्या माणसाला फोन करा, यादी आपल्यापुरती ठेवा.

त्याच संध्याकाळी लंडनच्या वॉल्थमस्टोमध्ये, ब्रायटनमध्ये, ब्रिस्टलमध्ये, लिव्हरपूल आणि न्यूकॅसलमध्ये हजारो माणसे रस्त्यावर आली. लोकांना वाटते ती ऐनवेळी उत्स्फूर्त आली. काही जण तसे आलेही. पण वॉल्थमस्टोसारख्या ठिकाणी कामगार संघटना, मशिदी, चर्च, भाडेकरूंच्या समित्या, वंशवादविरोधी गट यांचे एकमेकांशी वर्षानुवर्षांचे येणेजाणे आहे. एका फोनवर दहा फोन होतात ते त्यामुळे. शिवाय ती जागा भर बाजारातली, ट्यूब स्टेशनपासून चालत जाण्याजोगी. आता हे रॉदरहॅमच्या मॅन्व्हर्समधल्या हॉटेलशी ताडून पाहा. ते गावाच्या कडेला, शेजार असा नाही. ४ ऑगस्टला तिथे दोनशेहून अधिक आश्रयार्थी आत होते, बाहेर खिडक्या फुटत होत्या, दारापाशी आग लावली गेली, आतल्या कर्मचाऱ्यांनी सामान लावून दार अडवले. आश्रयार्थींना जिथे ठेवतात त्या बऱ्याच जागा अशाच असतात, म्हणजे कोणाच्याच शेजारात नसतात. तुमच्या जवळचे हॉटेल बाजारात आहे की महामार्गाच्या कडेला, यावर तुमची सगळी आखणी अवलंबून आहे. कडेला असेल तर ऐनवेळी गर्दी तिथे पोहोचणार नाही, पोहोचली तर सुखरूप परतणार नाही. तिथे आधीपासून आत कोणाचा तरी फोन नंबर असणे, कोणत्या दाराने बाहेर पडता येते हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलेले असणे, आणि पोलिसांना व नगरपालिकेला आगाऊ लेखी कळवलेले असणे, एवढेच हाती राहते.

आणि आतल्यांना विचारायचे म्हणजे खरोखर विचारायचे. कित्येकदा ते म्हणतात, आमच्या दारात गर्दी नको. आमची बाजू घेणारी असली तरी नको. खिडकीतून दिसणाऱ्या पाचशे अनोळखी माणसांपैकी कोण कोणाच्या बाजूचा, हे वरच्या मजल्यावरच्या मुलाला कसे कळणार? युद्धातून आलेल्या माणसाला ढोल आणि घोषणा ऐकून धीर येतोच असे नाही. अशा वेळी जमायचे ते दोनशे मीटर अलीकडे, येण्याच्या वाटेवर. मशिदीच्या बाबतीत समितीचे म्हणणे अंतिम. लिव्हरपूलच्या अब्दुल्ला क्विलियम मशिदीबाहेर २ ऑगस्टला निदर्शक जमले तेव्हा तिथले इमाम रस्ता ओलांडून गेले, खाणे वाटले, काहींशी बोलले, एक-दोघांशी गळाभेटही झाली. ते छायाचित्र जगभर गेले. मला ते आवडते, पण ते कोणाला करायला सांगण्याची माझी हिंमत नाही. ज्यांच्यावर हल्ला होतो आहे त्यांनीच आधी हात पुढे करावा, ही अपेक्षा बाहेरच्याने ठेवू नये.

रस्त्यावर उतरायचे ठरले तर स्वयंसेवकांशिवाय उतरू नका. स्वयंसेवक म्हणजे पिवळे जॅकेट घातलेला दांडगा पोरगा, असा समज आहे. मी निवडतो ती शाळेतली शिक्षिका, परिचारिका, बस चालवणारे काका: ज्यांना रागावलेल्या माणसाशी खालच्या आवाजात बोलायची सवय आहे. ते जोडीने उभे राहतात, आणि तोंड आपल्या लोकांकडे ठेवतात. हे नव्या माणसाला विचित्र वाटते, कारण पाठ समोरच्यांकडे होते. पण आपल्या गर्दीत कोणाचा श्वास वाढला, कोण पुढे सरकतो आहे, कोणाच्या हातात बाटली आली, हे तसेच दिसते. समोर पाहण्यासाठी मागच्या रांगेत उंचवट्यावर एक जण वेगळा ठेवायचा. तरुण पोरगा पुढे झेपावला तर त्याला मागून ओढायचे नाही. बाजूने जाऊन खांद्याला खांदा लावायचा, नावाने हाक मारायची, काहीतरी काम द्यायचे: ‘जरा हे पाणी मागे दे.’ नाव ठाऊक असणे इथे फार कामाला येते, म्हणून त्या भागातलेच स्वयंसेवक हवेत.

संपण्याची वेळ सुरुवातीलाच जाहीर करा. ‘साडेआठला आपण सगळे एकत्र निघू.’ मारहाण बहुतेक वेळा नंतर होते, माणसे दोघे-तिघे होऊन गाडी लावलेल्या गल्लीत जातात तेव्हा. आठ-दहाच्या गटांनी निघायचे, बॅनर गुंडाळून, बिल्ले काढून. भाषणे थोडी, आणि माइक कोणाच्या हाती द्यायचा ते आधी ठरलेले. ७ ऑगस्टला वॉल्थमस्टोमध्ये एका नगरसेवकाने माइकवर अतिउजव्यांचे गळे कापण्याची भाषा केली. त्याच्यावर खटला चालला, वर्षभराने ज्युरीने निर्दोष सोडले, पण ते वर्षभर त्या संध्याकाळची आठवण म्हणून हजारो माणसांऐवजी ते एक वाक्य दाखवले गेले.

कायद्याचे थोडक्यात, इंग्लंड आणि वेल्सपुरते. एका जागी उभे राहून निदर्शन करायला पूर्वसूचना लागत नाही. चालत मोर्चा काढायचा तर १९८६ च्या पब्लिक ऑर्डर कायद्यानुसार सहा दिवस आधी लेखी कळवावे लागते. तेवढा वेळच नसेल तर शक्य तितक्या लवकर. पोलीस जागा, वेळ, संख्या यांवर अटी घालू शकतात, आणि अट माहीत असून, किंवा माहीत असायला हवी असताना, मोडली तर गुन्हा. १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर कायद्याचे कलम ६० त्या भागात लागू असेल तर संशयाशिवाय झडती घेता येते. सोबत तोंडावरचे फडके काढायला सांगण्याचे अधिकारही वापरतात. स्वसंरक्षणासाठी वाजवी बळ वापरता येते. मात्र ‘लागली तर’ म्हणून गाडीत बॅट किंवा दांडा ठेवणे हा बहुतेक वेळा शस्त्र बाळगण्याचा गुन्हा ठरतो, हेतू बचावाचा असला तरी. आकाशी रंगाची बंडी घातलेले पोलीस गोड बोलतात. ते संपर्क अधिकारी असतात आणि ऐकलेले वर पोहोचवणे हे त्यांचे कामच असते. त्यांच्याशी एकाच ठरलेल्या माणसाने बोलावे.

तुमच्यासारख्या व्हिसावर असलेल्यांसाठी वेगळे सांगतो. कायदेशीर, शांत निदर्शनात उभे राहिल्याने व्हिसा जात नाही. पण एखाद्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर नूतनीकरण आणि कायमच्या वास्तव्याचा अर्ज दोन्ही अडकू शकतात. म्हणून रेटारेटी होईल अशा पुढच्या रांगेत तुम्ही नको. फोन सांभाळणे, गाड्या, निरोपांची खातरजमा, भाषांतर. मराठी, हिंदी, उर्दू येणाऱ्या माणसाची तिथे कितीतरी जास्त गरज असते.

लोक मला केबल स्ट्रीटची आठवण करून देतात: ४ ऑक्टोबर १९३६, ब्रिटिश फॅसिस्ट पक्षाचा नेता ओसवाल्ड मोस्ली याच्या काळे सदरे घातलेल्या अनुयायांना पूर्व लंडनच्या ज्यू, आयरिश आणि इतर कामगारांनी अडवले, पोलीस आयुक्तांनी अखेर मोस्लीला परत फिरायला सांगितले. अभिमान वाटावा असाच दिवस. पण त्या दिवशी मारामारी झाली ती मुख्यतः पोलिसांशी, आणि अटक झालेले बहुतेक जण विरोधकच होते. आणखी एक गोष्ट घोषणांत येत नाही. एकाच आठवड्याने, ११ ऑक्टोबरला, माइल एंड रोडवर ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या गेल्या. पुढच्या मार्चमधल्या लंडन कौंटी निवडणुकीत बेथनल ग्रीनमध्ये मोस्लीच्या पक्षाला सुमारे २३ टक्के मते पडली. रस्ता जिंकला म्हणून गल्ली आपली होत नाही. स्टेप्नीतले कम्युनिस्ट कार्यकर्ते फिल पिरॅटिन यांना हे उमगले होते. १९३७ मध्ये एका चाळवजा इमारतीतून दोन कुटुंबांना भाडे थकले म्हणून बाहेर काढणार होते, आणि ती कुटुंबे मोस्लीच्या पक्षाची सभासद होती. पिरॅटिन आणि शेजाऱ्यांनी जिना अडवला, घर रिकामे करायला आलेल्या बेलिफना परतवले, घरे वाचवली. त्यांनी नोंदवल्याप्रमाणे त्या लोकांनी पक्षाची कार्डे फाडून टाकली. घरभाड्याचा प्रश्न धसाला लावणारी भाडेकरूंची चळवळ त्या भागात नंतर फोफावली, आणि माझ्या मते मोस्लीच्या मुळावर ती केबल स्ट्रीटइतकीच आली.

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेनचे उदाहरण आणखी कामाचे आहे, कारण त्यात वीरश्री कमी आणि चिकाटी जास्त. ४ मे १९७८ ला अल्ताब अली या बंगाली कापड कामगाराचा व्हाइटचॅपलमध्ये खून झाला. दहा दिवसांनी सुमारे सात हजार माणसे त्याच्या शवपेटीमागून मध्य लंडनपर्यंत चालत गेली. नॅशनल फ्रंट या अतिउजव्या पक्षाचे लोक दर रविवारी ब्रिक लेनच्या टोकाला, बेथनल ग्रीन रोडच्या कोपऱ्यावर, आपले वर्तमानपत्र विकायला उभे राहत. तिथूनच पोरे चेकाळून गल्लीत शिरत. त्या उन्हाळ्यात बंगाली तरुण आणि त्यांचे साथीदार त्यांच्या आधीच येऊन त्या कोपऱ्यावर बसू लागले. मोर्चा नाही, भाषण नाही. ती पाच-सहा फुटांची जागा अडवायची. रविवारमागून रविवार. आजही मी नव्या गटाला विचारतो, तुमच्या भागातला तो कोपरा कोणता?

पश्चिम लंडनमधल्या साउथॉलमध्ये २३ एप्रिल १९७९ ला नॅशनल फ्रंटची सभा टाउन हॉलमध्ये होती. स्थानिक आशियाई लोक विरोधात उतरले, पोलीस हजारोंनी आले, तीनशेहून अधिक लोकांना अटक झाली, आणि ब्लेअर पीच हा शिक्षक डोक्यावर फटका बसून मेला. तो फटका बहुधा पोलिसाचाच होता, हे पोलिसांच्याच अंतर्गत अहवालात होते. तो अहवाल २०१० मध्ये बाहेर आला. पार्क व्ह्यूवरच्या एका घरात लोकांनी प्रथमोपचार आणि कायदेशीर मदतीची सोय केली होती, तिथेही पोलीस घुसले, आतल्यांना मारहाण झाली. म्हणून प्रथमोपचाराची जागा एकच ठेवू नका, आणि वकिलाचा नंबर फोनमध्ये नको, मनगटावर पेनाने लिहा. फोन जप्त होतो. सगळे पोलिसांवर सोपवावे का, या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर हेच: ९९९ ला फोन जरूर करा, घटनेचा क्रमांक लिहून घ्या, पण पोलीस वेळेत येतील आणि आपल्याच बाजूने उभे राहतील अशी आखणी करू नका.

घराच्या दारांबद्दल एक. जून २०२५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमेनात परदेशी कुटुंबांच्या घरांवर हल्ले झाले, तेव्हा लोकांनी दारांवर झेंडे आणि पाट्या लावल्या. इथे स्थानिक राहतात, ब्रिटिश कुटुंब, एका दारावर तर फिलिपिनो राहतात असेही. जीव वाचवणाऱ्या माणसाला मी दोष देणार नाही. पण एका रांगेतल्या वीस दारांपैकी अठरांवर पाटी लागली की उरलेली दोन घरे कोणाची, हे जमावाला सांगावे लागत नाही. शेजाऱ्यांनी ठरवायचे ते हे: एक तर सगळ्या दारांवर सारखेच काहीतरी, नाहीतर कोणाच्याच दारावर काही नाही. हे एका संध्याकाळच्या चहात ठरते, पण तो चहा आधी व्हावा लागतो.

दुसऱ्या दिवसाची तयारी कोणी करत नाही. साउथपोर्टमध्ये सकाळीच लोक झाडू घेऊन आले, गवंड्यांनी मशिदीची भिंत बांधून दिली. लिव्हरपूलमध्ये जाळलेल्या स्पेलो लेनच्या ग्रंथालयासाठी दोन लाख पौंडांहून अधिक वर्गणी जमली. हे चांगलेच. पण झाडू मारण्याआधी फोटो काढा. काच, वीट, जळालेला दरवाजा, शेजारी काहीतरी मापाला ठेवून. व्हिडिओ मूळ फोनमध्येच राहू द्या; व्हॉट्सॲपवरून गेलेल्या प्रतीत वेळेची नोंद उरत नाही. साक्षीदारांनी एकमेकांशी चर्चा करण्याआधी आपापले पाहिलेले लिहून काढावे. २०२४ मध्ये हजाराहून अधिक अटका झाल्या, हॉटेलांवरच्या हल्ल्यांत नऊ वर्षांपर्यंत शिक्षा झाल्या, आणि त्यामागे असे व्हिडिओ होते.

दुकानदारांना विम्याबरोबर रायट कॉम्पेन्सेशन कायदा २०१६ सांगा. विमा नसला किंवा पुरला नाही तरी दंगलीतल्या नुकसानीची भरपाई पोलीस प्राधिकरणाकडून मागता येते, पण दंगल संपल्यापासून ४२ दिवसांच्या आत दावा नोंदवावा लागतो, आणि त्यानंतर पुरावे जोडायला ९० दिवस मिळतात. मशिदीची समिती, कोपऱ्यावरचा किराणावाला, केस कापणारा, यांच्यातल्या बऱ्याच जणांना हे ठाऊक नसते. पहिल्याच आठवड्यात एका इंग्रजी लिहिता येणाऱ्या माणसाने अर्ज घेऊन दारोदार फिरावे. हे काम तुम्ही घेऊ शकता.